आईला घेऊन रेल्वेनं या

छत्रपती संभाजीनगर
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना राजेश्रीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की खालच्या मजल्यावरचे विचारतात, घरात भांडण झालं का? म्हणून कागद-पेन घेऊन बसले.

आमच्या नव्या घराला दोन वर्षं झाली. तुम्ही सात वेळा आलात, पण आईचा पाय अजून उंबऱ्याला लागला नाही. वास्तुशांतीलाही गुडघ्याचं निमित्त. बाबा, खरं सांगते, मला माझी आई माझ्या स्वयंपाकघरात बसलेली बघायची आहे. तुमच्या जीपमध्ये एवढा वेळ अवघडून बसवत नसेल तिला. रेल्वेत उठून चार पावलं चालता येतं, आणि परभणीला बसलात की थेट इथेच उतरायचं.

शिवाय गेल्या महिन्यात बदनापूरजवळ ट्रकनं तुमच्या जीपचा आरसा नेला. तुम्ही लपवलंत, आबासाहेबकाकांनी सांगितलं. बहात्तर वर्षांचं वय आहे तुमचं. या वेळी आईला घेऊन रेल्वेनं या. अपेक्षा रोज विचारते, आजी कधी येणार.

माया आहेच, थोडं लेकीचं ऐकणंही वाढवा.

तुमची,
राजू

परभणी
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राजेश्रीस बाबांचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळं ठीक.

पत्र वाचून डोकं फिरलं. मग चहा घेतला आणि पुन्हा वाचलं. आबासाहेबाच्या पोटात काही म्हणून राहत न्हाई. शेजारी म्हणून पुढच्या सीटवर बसवून फुकट फिरवतो, अन् हा माझीच चुगली करायलाय! चूक ट्रकवाल्याची होती. चाळीस वर्षं झाली स्टेअरिंग धरून, माझ्या गाडीखाली एक कोंबडी आली न्हाई.

रेल्वेचं काय एवढं कौतुक? तिच्या टायमाला आपण हजर व्हायचं, ती थांबेल तिथं थांबायचं. तुरीच्या डाळीचं पोतं काय डोक्यावर घेऊन येऊ?

पण तुझ्या आईला विचारलं, रेल्वेनं जायचं का? तर हो म्हणायच्या आधी तिनं माळ्यावरची बॅग काढली. म्हणलं, गुडघ्याचं काय? तर म्हणे, बघू. मला नवलच वाटलं. सोळा तारखेची तिकिटं काढलीत. डाळ या खेपेला दहा किलोच मिळेल, तक्रार करायची न्हाई.

जावईबापूंना नमस्कार, अपेक्षाला गोड पापा. लोभ ठेव, अन् आबासाहेबाला फोन करू नको.

तुझे बाबा,
चंद्रभान

परभणी
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राजेश्रीस आशीर्वाद वि.

काल सुखरूप पोचलो. आईला पंधरा दिवस ठेवून घेतलंस, बरं केलंस. इथं मात्र घर खायला उठतंय. दूध दोनदा उतू गेलं.

एक गोष्ट तिनं तुला सांगितली नसणार. तुझ्याकडं येताना मानवत रोड स्टेशन गेलं न्हाई तोच तिचा डोळा लागला. खिडकीला डोकं टेकून अशी झोपली की शेंगावाला कानाशी ओरडला तरी हलली न्हाई. जीपमध्ये तिला झोपलेलं मी कधीच बघितलं न्हाई. मी तर लोकांना सांगायचो, आमच्या मंडळींना रस्ता बघायची लय हौस! जालन्याला जागी झाली तेव्हा विचारलं, आज एवढी झोप कशी काय? तर म्हणाली, आज तुमी चालवायला नव्हता.

राजू, तेव्हा कळलं. गुडघा-बिडघा काही न्हाई, बाई भिऊन घरी बसायची. पुढं एका फाटकावर पाच-सहा गाड्या थांबलेल्या दिसल्या. एरवी त्यांच्यात मी असतो, हॉर्न वाजवत. तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली न्हाई. तुझ्या घरी आठवडाभर हसत राहिलो, पण आतून पार खचलो होतो. तिला एवढं विचार, मला तोंडावर का सांगितलं न्हाई? मी काय वाघ होतो का?

बाकी खुशाल. उत्तराची वाट बघतो.

बाबा

छत्रपती संभाजीनगर
१ मार्च २०२५

राजूच्या बाबांना नर्मदेचा नमस्कार.

चौथीपर्यंतचं अक्षर हाय, हसू नका. राजूनं तुमचं पत्र वाचून दाखवलं, मग मीच म्हणलं, उत्तर मी लिहिते.

वाघ कशाला असाल हो! गाडीतून उतरताना तुमचं तोंड कसं खुललेलं असायचं, पाळण्यातून उतरलेल्या पोरावानी. ते बघून बोलणं घशातच राहायचं. अन् मी बोललेच न्हाई असं बी न्हाई. हळू चालवा, हळू चालवा, कितींदा म्हणलं. पण पुढं तुमच्या शेजारी आबासाहेब, न्हाई तर गावाकडचं दुसरं कुणी. मी मागं, पोत्यांसंगं. तुमाला मागचं कुठं ऐकू येतंय? आरसा गेल्याचं कळलं तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं न्हाई.

जीप विकायचं डोक्यात आणू नका. वालूरच्या शेतावर जा तिनं, पण हळू जा. इथं मात्र रेल्वेनंच यायचं. मी आता दर दोन महिन्याला येणार, राजूला तसं सांगून टाकलंय. तिच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे मी माझ्या सोयीनं मांडले, म्हणून ती माझ्यावर चिडायलीय. चिडू द्या.

नऊ तारखेला जावई गाडीत बसवून देतो म्हणालेत. परभणीला मी एकटी उतरीन, त्यात काही अवघड न्हाई. पण तुमीच इथवर घ्यायला या. एवढ्या लांब कशाला, असं म्हणू नका. समोरासमोर बसून येऊ. तोंड दिसलं की तुमाला सगळं ऐकू येतं, अन् मला लय बोलायचंय. चाळीस वर्षं मागच्या सीटवरून तुमची मानच बघत आले.

राग आला असला तर तो बी संगं घेऊन या.

तुमचीच,
नर्मदा