पिकल पडला तो आठवडा

शनि. १३ मे २००६, हॅरो
अनूच्या खोलीतला पडदा ओढला आणि पिकल खाली. दांडीवर बसला होता, मी वर पाहिलंच नाही. आधी रेडिएटरवर, मग लॅमिनेटच्या जमिनीवर. अनू बर्मिंगहॅमला युनिव्हर्सिटीत गेल्यापासून तिचा हा सरडा माझ्याकडे. रोज तासभर पिंजऱ्याबाहेर फिरू दे, ही तिचीच सूचना. बाहेर काढला, इस्त्रीला लागले, विसरले.
उचलला. रक्त नाही. दोन पावलं चालला. ठीक असावा.

रवि. १४
रंग काळपट. फांदीवर चढत नाही, तळाशी बसून. रातकिडे सोडले, नाकासमोरून गेले तरी जीभ बाहेर नाही. दिवसाउजेडी डोळे मिटलेले. हे म्हणतात, घाबरलाय, राहू दे.
संध्याकाळी अनूचा फोन. "आई, ती खातो ना नीट?" तिच्या मराठीत पिकल कधी तो, कधी ती. खातो म्हटलं. शुक्रवारी तिचा शेवटचा पेपर.

सोम. १५
वॉर्डवर नव्वदीच्या एक बाई बाथरूममध्ये पडल्या. कुणाला उचलू दिलं नाही मी त्यांना. मान, कंबर, पाय, सगळं आधी तपासलं. डॉक्टर येईपर्यंत शेजारी जमिनीवर बसून. तेवीस वर्षं हेच काम. मग फॉर्म भरताना घरचा आठवला. त्याला तर मी पोटाखाली हात घालून पटकन…

मंगळ. १६
हातावर घेतला. पुढचे पाय बोट घट्ट धरतात. मागचे धरत नाहीत, नुसते लोंबतात. शेपटी सरळ, गुंडाळतच नाही.
शनिवारी वर "चालला" लिहिलंय. चालला नव्हता. पुढच्या पायांनी अंग ओढलं होतं त्याने. मी तेव्हाही पाहिलं होतं.

बुध. १७
सरडे बघणारी व्हेट वॉटफर्डला मिळाली. अनूपेक्षा थोडीच मोठी असेल. एक्स-रे काढला. कमरेच्या वर मणका मोडलाय. शी-शूही अडकलीय. म्हणाली, हे प्राणी दुखणं लपवतात, आपल्याला कळतं तोवर दिवस गेलेले असतात. शनिवारीच आणला असता तर, विचारलं. बहुधा फरक पडला नसता, म्हणाली. ते "बहुधा" मीही वापरते वॉर्डवर.
एक तर इंजेक्शन देऊन झोपवायचा. नाही तर सपाट खोक्यात ठेवायचा, चढू द्यायचं नाही, दुखण्याचं औषध, शनिवारी परत दाखवायचा. फार आशा नाही. कुणाचा आहे, तिने विचारलं. मुलीचा. मग तिलाच विचारा.
हे म्हणाले, पेपर होऊ दे तिचा.

गुरु. १८
सिरिंजने पाणी. निम्मं बाहेर. अनूला फोन लावायला दोनदा घेतला, ठेवला. दुपारी तिचाच आला. झोपलाय म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

शुक्र. १९
पेपर सुटल्यावर सांगितलं. रडली नाही. कुठली ट्रेन मिळते बघते, एवढंच. साडेसहाला दारात. खोकं टेबलावर होतं. कोट न काढता वाकून बघत राहिली.
"कधी पडला?"
"शनिवारी."
"मी तुला संडेला विचारली होती."
"हो."
खोकं घेऊन वर गेली. जेवायला आली नाही. हे तिच्याशी बोलायला गेले, लगेच खाली आले.

शनि. २०
अकराची अपॉइंटमेंट. सकाळी अनूने हाक मारली. जमिनीवर उशी टाकून खोक्याशेजारीच झोपली होती.
"आई, शेपटी हलली. बघ."
बघितलं. बराच वेळ. वॉर्डवर नातेवाईक असंच दाखवतात, आम्ही मान डोलावतो.
"मला नाही दिसली," म्हटलं.
तिने खोकं स्वतःकडे ओढून घेतलं. इंजेक्शन की औषध, काय ठरवलंय विचारलं, तर परत शेपटीकडेच वाकली. साडेदहा झालेत. हे खाली गाडीत बसलेत, इंजिन चालू. ती अजून वरच आहे.