डोळे वर म्हणजे हो

३ मार्च, सोमवार

आज यांना अर्धी वाटी सूप भरवलं. पाऊण तास लागला. तीनदा ठसका.

पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून द्यावं लागतं, नाहीतर श्वासनलिकेत जातं. डॉक्टर सरळच म्हणाले, "आता पोटात नळी घालू. श्वास आणखी कमी झाला की तेही करता येणार नाही. शुक्रवारपर्यंत सांगा."

सांगायचं यांनी आहे. नसांच्या आजाराने हात गेले, वाचा गेली, पण बुद्धी शाबूत आहे. डोळे वर म्हणजे हो. मिटले म्हणजे नाही.

नळीने वर्ष-दीड वर्ष मिळेल म्हणे. नाही घातली तर काही आठवडे. येताना गाडीत विचारायचं होतं. धीर झाला नाही. मला ते वर्ष हवं आहे!

४ मार्च

नणंद सकाळी येऊन बसते, तेवढ्यात मी शाळेच्या ऑफिसात अर्धा दिवस काम करून येते. आज ती जेवणापर्यंत थांबली. मी उपकाराची प्रार्थना म्हणत होते, तर मध्येच म्हणते कशी — "आमेन म्हण गं वहिनी! पाळकांचीसुद्धा याहून आखूड असते. माझ्या दादाचं सूप गार झालं."

यांच्या डोळ्यांत हसू होतं. किती दिवसांनी.

खरं लिहायचं तर ती प्रार्थना माझी नाहीच. लग्नाची सव्वीस वर्षं जेवणाआधी ती हे स्वतः म्हणायचे आणि मी डोळे मिटून भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत बसायचे. चर्चला जायचे तीही यांच्या सोबतीला. वाचा गेल्यापासून यांच्या जागी मी म्हणते. यांना बरं वाटावं म्हणून. रोज एक नवी गोष्ट शोधून तिच्याबद्दल आभार मानायचे, हा यांचा नेम. तो मात्र चुकवलेला नाही. काही दिवशी फार शोधावं लागतं.

नळीचं आजही विचारलं नाही.

५ मार्च

जेवणाआधी गमतीने विचारलं, "काय हो, खरंच लांब होते का माझी प्रार्थना?" डोळे वर. "आखूड करू?" मिटले. "मग काय, नकोच?"

डोळे वर.

मला वाटलं, आज नको. तसं विचारलं. मिटले. "कधीच नको?" वर.

चमचा खाली ठेवला. एकेक करून विचारत गेले. देवावर रागावलात? नाही. देव आहे असंच वाटत नाही? खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग वर. आजार कळल्यापासून? वर. "मग मी चौदा महिने रोज म्हणतेय, ते ऐकून का घेतलंत? माझ्यासाठी?"

वर.

चौदा महिने! मी यांच्यासाठी म्हणत होते, आणि हे माझ्यासाठी ऐकून घेत होते. वजनमापं तपासणारा हा माणूस. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, पाच ग्रॅमची लबाडी खपवून घेतली नाही! मला हसू फुटलं. यांनाही. मग ठसकाच लागला. नणंद स्वयंपाकघरातून धावत आली — "अगं, जेवू घालतेयस की जीव घेतेयस माझ्या भावाचा?"

६ मार्च

दुपारी प्रार्थना म्हटली नाही. चमचा भरला, पण हात पुढे होईना.

आजची गोष्ट सकाळीच सापडली होती. दाढी करताना यांनी गाल माझ्या तळहातावर टेकवला. मान पडली म्हणून नाही — मुद्दाम. ती आता कोणाला सांगायची?

बेसिनपाशी नळ सोडून रडले. रडता रडता सांगूनही टाकली. आणि ऐकणारा होता. याहून नीट मला लिहिता येत नाही. पाळकांना बोलणार नाही, उगीच चर्चमध्ये सगळ्या मंडळीपुढे साक्ष द्यायला उभी करतील.

बाहेर येऊन यांना म्हटलं, "मी माझ्यासाठी म्हणू का? तुम्ही लक्ष देऊ नका." डोळे वर. दोनच वाक्यं म्हटली. सूप कोमट होतं.

त्याच धीरात नळीचंही विचारलं. "घालायची ना?"

डोळे वर. लगेच! नणंदेने मला मिठीच मारली. "बघ, माझा दादा चिवट आहे!" देवा, उपकार. वर्षभर तरी!

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांना कळवायला फोन उचलला. ठेवला. यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"कालचं हो — तेही माझ्यासाठीच का?"

डोळे वर.

"आणि तुम्हाला स्वतःला?"

मिटले. मी पदराने यांचे डोळे पुसले. मग फोन केला. नळी नको म्हणून सांगितलं.

देवा, पुन्हा एकदा विचारायची बुद्धी दिलीस, तेवढ्याबद्दल उपकार. आज याहून जास्त जमणार नाही.