नाक्यावर फुल्ला कशी कळली?

घसान,

मसुराचं सूप झाकून ठेवलंय, गरम करून घे. धाकटीला घेऊन मी बैरूत सोडतेय. कुठे चाललोय ते लिहीत नाही.

काल नाक्यावरच्या बंदूकवाल्याने तिला हाक मारली, "ए फुल्ला, बाबा लपूनछपून कधी येतात गं घरी?" शाळेत, बिल्डिंगमध्ये सगळे तिला लमीस म्हणतात. फुल्ला म्हणणारे आपण तिघंच, बाबा, तू आणि मी. आणि नाक्यावरच्या त्या पोरांबरोबर पत्ते कुटत बसतोस तू.

तू सांगितलं नसशील, तर भेटल्यावर हवं तेवढं बोल मला, मी ऐकून घेईन. सांगितलं असशील, तर आम्हाला शोधू नकोस.

बाबांना मी फक्त "घरी येऊ नका" एवढंच कळवलं. त्यांचा उलट निरोप आला, "घसानला एकटं सोडू नकोस."

तुझी ताई,
सिहाम