रस्त्यापुरती सोबत

शनिवार, ४ फेब्रुवारी २००६

आज हिजामच्या हातावर छडी मोडली. मोडेपर्यंत मारलं. बंदुका बाहेर भिंतीला टेकवायच्या आणि मगच वर्गात पाय ठेवायचा. हा माझा नियम शेखांची पोरंसुद्धा पाळतात. आणि हा सोळा वर्षांचा दीडशहाणा भरलेली रायफल मांडीवर घेऊन इंग्रजीचा धडा वाचतोय! विचारलं, कशाला आणलीस? हात पुढे केला. मागे घेतला नाही. कातडं सोललं तरी नाही. डोळे सारखे खिडकीबाहेर.

मधल्या सुट्टीत कारण कळलं. मुक्बिल शाळेत आला होता, मला भेटायला. या मुक्बिलच्या भावाने हिजामच्या बापाला भर बाजारात मारलं आणि सरहद्द ओलांडून सौदीत पळाला. भाऊ हाती लागत नाही, तेव्हा त्याच्या बदल्यात मुक्बिलचा थोरला पोरगा, नायफ. येमेनच्या या डोंगरात एवढ्याला कोणी अन्याय म्हणत नाही. नायफ दोन वर्षं घराबाहेर पडलेला नाही.

मुक्बिल म्हणाला, "उस्ताद, पोराला शिकवणी द्या. तुमच्या खोलीवर. उतरत्या दुपारच्या नमाजानंतर तुम्हीच येऊन न्या, तुम्हीच आणून सोडा."

"आणि शिकवू काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. रस्त्याने मात्र त्याला डाव्या हाताला ठेवा. अगदी लगत."

तो काय मागतोय ते दोघांनाही कळत होतं. मी परका, म्हणजे सगळ्या गावाचा पाहुणा. माझ्या सोबत चालणाऱ्यावर गोळी झाडली, तर झाडणाऱ्याच्या अख्ख्या कुळाचं तोंड काळं. त्यांच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही, त्यांच्या पोरी कोणी करणार नाही. शिकवणी म्हणजे नुसतं निमित्त.

हो म्हणालो. बार्शीत मला कुत्रं विचारत नव्हतं. इथे माझ्या सावलीत माणूस वाचतो!

सोमवार, ६ फेब्रुवारी

पहिली फेरी. रस्ता बाजारातून. हिजाम बापाच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला, रायफल गुडघ्यांवर. नायफने माझी बाही धरली. चांगला सतरा वर्षांचा घोडा, पण घामाने माझी बाही भिजली.

हिजामने आम्हाला पाहिलं. उठला. रायफल जमिनीवर आडवी ठेवली. वळ उठलेला हात छातीवर ठेवून इंग्रजीत म्हणाला — "गुड इव्हिनिंग, सर."

रस्त्यात मास्तर दिसला की उठायचं आणि हे म्हणायचं, हे मीच वर्गात घोकून घेतलंय. मीही "गुड इव्हिनिंग" म्हणालो आणि छाती काढून पुढे गेलो. सगळा बाजार बघत होता. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

बुधवार, ८ फेब्रुवारी

नायफ ढ आहे. अगदी ढ. पण हसरा आहे, आणि जाताना माझ्या चपला सरळ करून ठेवतो.

रविवार, १२ फेब्रुवारी

काल ताप होता. निरोप पाठवला, आज सुट्टी. पण उस्ताद आजारी म्हटल्यावर नायफ आईने दिलेला मध घेऊन एकटाच निघाला. मशिदीच्या वळणावर गोळी आली. डावा कान अर्धा गेला. मधाची बाटली फुटली, आणि मध नि रक्त माखलेला हा प्राणी माझ्या दारात येऊन कोसळला. कानाला फडकं दाबून धरलं तर फडक्यातून बोटांवर, बोटांवरून कोपरापर्यंत. ओरडत नव्हता. दात वाजत होते नुसते.

एक बोट इकडे असती तर? मी नव्हतो म्हणून. माझ्या एका तापापायी पोरगं गेलं असतं. आता आजारी पडायची सोय नाही.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

हिजामला वर्गाबाहेर घेतलं. "तू झाडलीस?"

"हो, उस्ताद."

कानफटात दिली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "माझ्या विद्यार्थ्यावर?"

"तुम्ही सोबत नव्हता," तो गाल न चोळता म्हणाला. "तुम्ही असाल तेव्हा माझी रायफल जमिनीवरच राहील. आईची शपथ."

"आणि मी नसेन तेव्हा?"

"तेव्हा मारीन." घरात खुंटीवर बापाचा सदरा आहे, म्हणाला. आई तो धूत नाही. रोज भाकरी वाढताना त्याच्या समोरच बसवते. मग एकदम पोरासारखा झाला. "हे काम उरकलं की मलाही शिकवणी द्याल? एडनच्या बंदरात इंग्रजी येणाऱ्याला नोकरी मिळते म्हणे." आणि लगेच, "उस्ताद, तुम्ही सुट्टीवर गावी कधी जाणार?"

अलीकडे अर्धा बाजार हेच विचारतो. मला वाटायचं, माया!

या पोराचा मला राग येत नाही. यायला हवा, पण येत नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

नायफच्या कानाची जखम सुकली. बाजारातली पोरं "अर्धकान्या" म्हणतात, उस्तादाच्या पदराला धरून चालतो म्हणतात. पोरगं ऐकून घेतं. पण आता बाही धरत नाही. दप्तर स्वतः घेतो, छातीशी धरून. मान वर.

प्रश्नही विचारतो. "हिजाम रोज रायफल खाली ठेवतो, ते तुमच्यासाठीच ना?" हो. "आपण पुढे जाईपर्यंत उचलत नाही?" नाही, तशी रीत आहे. "तुम्हाला घाबरतो?" म्हटलं, घाबरत नाही गाढवा, मान देतो. दोन्हींत फरक आहे.

मुक्बिलकडे सोडताना म्हणालो, तुमचा पोरगा धीट झालाय. त्याने मला मिठी मारली. जेवायला ठेवून घेतलं, बोकडाचं काळीज माझ्या ताटात.

बुधवार, १ मार्च

हिजाम मेला. नायफने मारला. माझ्या डाव्या हाताला चालताना.

सगळं रोजच्यासारखं. हिजाम पायरीवरून उठला. रायफल खाली ठेवली. छातीवर हात. "गुड" एवढंच झालं. नायफच्या दप्तरात पुस्तकाखाली पिस्तूल होतं. पहिली गोळी गळ्यात. पुढच्या दोन तो पडल्यावर, वरून, वाकून. मी नायफच्या मनगटाला लोंबकळलो तेव्हा चौथी माझ्या पायाशी दगडात शिरली. रायफल हिजामच्या हातापासून वीतभर होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत होता. गळ्यातून हवा आणि रक्त एकदम येत होतं, आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असणार मला ठाऊक होतं.

मी दगड उचलला आणि नायफच्या तोंडावर घातला. परत घातला. लोकांनी ओढलं नसतं तर मारूनच टाकला असता. त्याचे पुढचे दात पडले. रक्त थुंकून म्हणाला, "झालं, उस्ताद. उद्यापासून तुम्हाला यायची गरज नाही."

गुरुवार, २ मार्च

सकाळी मुक्बिलने माझ्या दारात दोन बैल आणून कापले. माझ्या सोबतीचा मान मोडला, तो भरून द्यायची ही रीत. दुसरा बैल अर्धा कापलेला उठला, पुन्हा पाडला. रक्त उंबऱ्यावरून आत आलं, सतरंजी भिजली.

विचारलं, "हे माझ्या अब्रूसाठी. हिजामसाठी काय कापणार?"

"त्या घरात हत्यार धरणारा दुसरा हात नाही, उस्ताद. त्याचा धाकटा भाऊ सिनान अजून नऊ वर्षांचा आहे. माझा पोरगा सुटला. माझं तोंड काळं झालं ते मी घेऊन फिरेन."

"तुम्हाला आधी माहीत होतं?"

सुरी बैलाच्या पाठीला पुसत म्हणाला, "धीट झालाय, असं तुम्हीच म्हणाला होता."

मी त्याच्यावर थुंकलो. त्याने पुसलंही नाही.

मंगळवार, ७ मार्च

बाजारात मला बघून आता कोणी बंदूक खाली ठेवत नाही. उलट पट्टा घट्ट धरतात. मी जवळ आलो की बाया पोरांना आत ओढतात. एवढ्या वर्षांत मी इथे पहिल्यांदाच परका झालोय.

सामान बांधायला काढलं.

सोमवार, १३ मार्च

हिजामची आई आली. धाकट्या सिनानला घेऊन. मला वाटलं, ही आता शिव्याशाप देणार. द्यावेत. ऐकून घ्यायला उभा राहिलो.

म्हणाली, "उस्ताद, याला शिकवणी द्या. तुम्हीच न्या, तुम्हीच आणून सोडा. हा हत्यार धरण्याजोगा व्हायच्या आत मुक्बिलची माणसं याच्यावर टपलीत."

"माझी सोबत आता कोण मानतं, बाई?"

"आम्ही मानतो. माझ्या हिजामने मानली."

पोरगं आपण होऊन माझ्या डाव्या हाताला येऊन उभं राहिलं. अगदी लगत. मी त्याच्या हातातून दप्तर हिसकलं आणि आईसमोरच जमिनीवर उपडं केलं. पेन्सिल, अर्धी भाकरी, हिजामचं इंग्रजीचं पुस्तक. बास.

खाली बसून तिने एकेक वस्तू वेचून दप्तरात परत भरली.