मावशीकडे आलोय

३ डिसें.
ग्रामसेवक येऊन गेला. गावात कोण कोण घर दिवसाच्या भाड्याने देतं त्याची यादी करतोय. ग्रा.पं.चा ना हरकत दाखला, पोलिसांकडे नोंद, घराची तपासणी, सगळं लागणार म्हणे. मागच्या दोन खोल्या बघून विचारलं, इथे कोण राहतं? म्हटलं, पाहुणे येतात. खोटं कुठे बोलले? खोल्या ज्या ॲपवर लावल्यात तिथेही पाहुणेच म्हणतात. त्याने लिहून घेतलं : नातेवाईक, व्यवसाय नाही. मी सही ठोकली. तो गेल्यावर पोटभर हसले. हे हसले नाहीत.

८ डिसें.
समोरच्या नानांनी रीतसर अर्ज केला, आता भोगतायत. तपासणीवाल्याने बाथरूमची खिडकी मोठी करायला लावली, गॅस गिझर बाहेरच्या भिंतीवर. फोडाफोडीची धूळ सगळी आमच्या पापडांवर. वर मला सांगतात, वनिता, तू पण करून घे. हौस मोठी.
आमच्या बाथरूमची खिडकी रस्त्याकडे. मागच्या खेपेला राहिलेल्या बाईंची तक्रार होती, येणारेजाणारे बघतात. यांच्याकडून प्लायवूड ठोकून घेतलं. फट नाही कुठे.

१४ डिसें.
परवा उल्हासनगरचं जोडपं येणार. फोनवर नेहमीचं पढवून ठेवलं : कोणी विचारलं तर मावशीकडे आलोय म्हणायचं. मुलगी हसली. "मग मावशी, तांदळाची भाकरी मिळेल ना?"

१६ डिसें.
आले. चामटोलीपर्यंत येऊन रिक्षावाला रस्ता चुकला, हे घ्यायला गेले. दीपा नाव. भाकरी मीच थापते म्हणाली. दोन थापल्या, दोन्ही फाटल्या. त्याच खाल्ल्या हट्टाने. गोड पोर.

१७ डिसें.
सकाळी आंघोळीला गेली ती बाहेर येईना. नवऱ्याने हाका मारल्या. यांनी दार तोडलं. नळ चालूच होता.
बदलापूरला नेलं, पण काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गिझरचा गॅस कोंडला. खिडकी नव्हती का?

१८ डिसें.
नवरा पोलिसांना म्हणाला, मावशीकडे आलो होतो. भेदरलेल्या पोराला पढवलेलं तेवढंच आठवलं असणार. पंचनाम्यात मी मयताची मावशी.
पोलीस यायच्या आधीच यांनी प्लाय काढून चुलीत घातलं होतं. मी बघत उभी राहिले, अडवलं नाही. ॲपवरून घरही काढलं.
ग्रामसेवक धावत आला. "काकू, आता मावशीच राहा. नातेवाईकाच्या घरी अपघात, विषय संपला. धंदा म्हणालात तर तुम्ही आत आणि मी घरी."

२१ डिसें.
झोप नाही. नानांच्या बाथरूममध्ये वारा खेळतो. तपासणीवाला आमच्याकडे आला असता तर पहिलं प्लायच काढायला लावलं असतं. मी 'पाहुणे' म्हणाले म्हणून तो आलाच नाही. मला माझी किळस येते.

२३ डिसें.
दीपाची आई आली, एकटीच. ओटीवर बसली. पाणी घेतलं नाही.
"पोलिसांच्या कागदात मावशीचं घर लिहिलंय. मी चारदा वाचलं. मला बहीणच नाही हो."
मग बाथरूम दाखवा म्हणाली. खिडकीतून ऊन आत आलं होतं. ती तिथे बराच वेळ उभी होती.
"एवढी खिडकी असून?"
मी हो म्हटलं.
जाताना मला नमस्कार केला तिने. का केला? शिव्या दिल्या असत्या तर...

२५ डिसें.
दीपाचा नवरा अजून कोणाशी बोलत नाही म्हणे. हे माझ्याकडून घोकून घेतात : माझ्या आतेबहिणीची मुलगी, दूरची भाची. सकाळी घोकलं, जेवताना घोकलं. नाव विचारलं तर आतेबहिणीचं नावही ठरवलंय.

२६ डिसें.
आज तिचा दहावा. देवाला दिवा लावला नाही. यांनी विचारलं, आपल्याला कसलं सुतक? मी म्हटलं, भाची ना ती.
अकराला पो. स्टे.ला जबाब. आधी नातंच विचारतात म्हणे.
राख काढताना चुलीत चार खिळे सापडले, प्लायचे. पुसून पर्समध्ये ठेवलेत. यांना सांगितलेलं नाही. रिक्षा आली.