अल्मेडाताईचे पाय

वॉशिंग्टन,
११ फेब्रुवारी १९५१

प्रिय अल्मेडाताईस,
धाकट्या लेमचा सा. न. वि. वि.

पाठवलेला मुरंबा पोचला. व्हर्डेलची तब्येत बरी आहे, जूनमध्ये बाळ येईल. पण ताई, मी मोठ्या घोटाळ्यात सापडलोय.

आमच्या कचेरीत सरकारशी कोण इमानी आणि कोण कम्युनिस्ट, हे शोधणारं मंडळ बसलंय. परवा मला बोलावलं. विचारलं, अलाबामात तुझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात एका गोऱ्या बाईने तिचे पाय धुतले, हे खरं का? मला वाटलं थट्टा करतायत, म्हणून हसलो. त्यांच्यातलं कुणीच हसलं नाही.

मी सांगितलं, आमच्या चर्चची वर्षातून एकदा पाय धुण्याची रीत आहे. ज्याच्याविषयी मनात अढी असेल त्याचे पाय आधी धुवायचे, मग प्रभूच्या भोजनाला बसायचं. बायबलातलंच आहे. तर एकजण म्हणाला, बायबल आम्हाला नको शिकवूस. गोरी बाई काळीच्या पायाशी बसते, ही कम्युनिस्टांचीच शिकवण.

चुगली कुणी केली म्हणशील, तर मूळ मीच. जेवणाच्या सुट्टीत मोठ्या फुशारकीने ही गोष्ट सगळ्यांना ऐकवली होती! आता पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. ती गोष्ट मी रचली होती असं म्हटलं, तर प्रकरण मिटेल. नाहीतर नोकरी गेली. आणि असा शिक्का बसलेल्याला दुसरीकडे कोण उभं करणार? काय करू, सांग.

तुझ्या लोभावर जगणारा,
लेम

*

अलाबामा,
१९ फेब्रुवारी १९५१

चि. लेम्युएल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

लहानपणापासून तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. गोष्ट तुला कळवली ती तुझ्यापाशी ठेवायला, वॉशिंग्टनभर वाटायला नव्हे.

मिस हॅडली गोरी असून मतदारनोंदणीच्या परीक्षेसाठी आम्हा काळ्यांना राज्यघटना शिकवायची. एकदा मला वर्गाला उशीर झाला, तर सगळ्यांदेखत ताडताड बोलली. मीही धुसफुसत बसले. आमची रीत तिला कुणीतरी सांगितली असावी. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्वतःच पाण्याने घमेलं भरून माझ्यासमोर बसली. मी पाय ओढून घेतले, लाजेने मेले रे! तिने सोडले नाहीत. त्यात कम्युनिस्ट कसलं आलंय?

तिची काळजी करू नकोस. आम्हाला शिकवते म्हणून घरमालकाने तिचं सामान रस्त्यावर टाकलं, जानेवारीतच ती टेनेसीला गेली. तुझ्या नाही म्हणण्याने तिचं काही बिघडत नाही, माझंही नाही. तेव्हा सरळ नाही म्हण. पोराचा बाप होणार आहेस तू. माझे पाय काही साक्ष द्यायला येणार नाहीत.

मार्चच्या पहिल्या सोमवारी आम्ही कोर्टात नाव नोंदवायला जाणार. व्हर्डेलला जड उचलू देऊ नकोस.

तुझी, रागावली तरी तुझीच,
ताई

*

वॉशिंग्टन,
१४ मार्च १९५१

प्रिय ताईस, सा. न. वि. वि.

मी नाहीच म्हणायला गेलो होतो. व्हर्डेलने आरशासमोर उभं करून वाक्य पाठ करून घेतलं होतं.

पण मी तोंड उघडायच्या आतच अध्यक्ष हसून म्हणाला, उघडच थाप आहे, असल्या पायांना कोणती गोरी बाई हात लावेल? सगळे हसले. मी नुसतं त्यांच्याबरोबर हसलो असतो तरी सुटलो असतो.

असले पाय! ताई, मला बाबांचे जुने बूट दिसले. आत पुठ्ठा घालून तू ते घालायचीस, दुसऱ्यांच्या चुली सांभाळायला गारठ्यात चालत जायचीस, आणि नवे बूट मला, शाळेसाठी. तुझं ते वाकडं बोट दिसलं. मला हसता येईना.

मी म्हणालो, साहेब, हे घडलंय. खरं तर ते मी धुवायला हवे होते. मला सुचलं नाही, एका परक्या बाईला सुचलं, याची मला लाज वाटते.

काल नोकरी गेली. रात्री व्हर्डेलने माझ्या ताटात तिच्याही वाटणीची कोंबडी वाढली, आणि रडली. ताई, तुझं ऐकलं नाही. आम्हाला काही दिवस घरी येता येईल का?

तुझा,
लेम

*

अलाबामा,
२२ मार्च १९५१

चि. लेम्युएल आणि चि. व्हर्डेल यांस अनेक आशीर्वाद.

हे काय विचारणं झालं? मागची खोली झाडून ठेवली आहे. व्हर्डेलसाठी रताळी राखली आहेत.

कोर्टात आम्हाला नापास केलं. मला घटनेतलं कलम विचारलं, मी घडाघडा म्हटलं, तरी नापास. तिसऱ्या सोमवारी पुन्हा गेले, पुन्हा नापास. आता एप्रिलमध्ये जाईन.

तुझं पत्र चर्चमधल्या बायकांनी वाचायला मागितलं, मी दिलं नाही. मी एकटीनेच वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं. आणि मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे. मोठ्या बहिणीने नाही म्हण म्हटल्यावर नाही म्हणायचं असतं. ही अढी काही मनातून जात नाही, तेव्हा रीतीप्रमाणे मेमध्ये, पाय धुण्याच्या दिवशी, तुझे पाय मला धुवावे लागणार. नखं कापून ये.

पुरुषांचे पाय पुरुषांनीच धुवावेत असा आपल्या चर्चचा नेम. पाद्रीबाबा नाक मुरडतील. मुरडू देत. आपण घरच्या पडवीत बसू. पडवी भर रस्त्यावर आहे, ज्याला बघायचं असेल त्याने बघावं.

लोभ आहेच, राग उतरला की आणखी वाढेल.
तुझी ताई