धुतलेला पाइप

४ मार्च
केला घोळ! बाबांचा तंबाखू ओढायचा, ब्रायरच्या लाकडाचा पाइप साबणाने धुतला. आतला काळा थर सुरीने खरवडला, उन्हात वाळवला. सरळ दांडीचा, जुन्या घाटाचा पाइप अगदी नव्यासारखा दिसायला लागला — मी खूशसुद्धा झाले. अर्धांगाच्या झटक्यानंतर तीन महिने बाबा बोलत नाहीत, पाइप ओढतही नाहीत. नुसता हातात धरून हुंगतात आणि मगच घास घेतात. आज हुंगला. माझ्याकडे पाहिलं. पाइप चादरीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

५ मार्च
दिवसभरात दोन चमचे.

७ मार्च
असंच चाललं तर आठवड्याभरात नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. नळी नको, हे बाबांनी धडधाकट असताना मला बजावून सांगितलं होतं. मलाच. भावाचा फोन. "ताई, पाइपच धुतलास ना? विष तर नाही घातलंस!" हसवायला म्हणाला.
ताजा तंबाखू भरून दिला — ढुंकूनही पाहिलं नाही.
स्वच्छतेसाठी धुतला, की इतक्या वर्षांचा राग काढला? खरं लिहायचं तर मला सांगता येत नाही.

८ मार्च
ज्याने पाइप घडवला तो म्हातारा कारागीर अजून दुकानात बसतो. त्याला पाइप दाखवला. त्याने आतून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाई, तीस वर्षांचं होतं हे." उपाय एकच — कोणीतरी रोज ओढायचा. हळूहळू थर धरतो, लाकूड वास घेतं.
कोण ओढणार, विचारलं. तो माझ्याकडेच बघत होता.

९ मार्च
गच्चीत जाऊन ओढला. जन्मात पहिल्यांदा. उलटी झाली. "बाबा, सोडा आता. खोकताय." — किती वर्षं हेच तुणतुणं लावलं होतं मी!

११ मार्च
रोज चारदा. घसा सोलून निघालाय. थर म्हणावा तर नखाएवढाही नाही. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं.

१३ मार्च
नळी उद्या दुपारी. हो म्हणाले मी. त्यांचा शब्द मोडते आहे. न मोडून काय करू? उपाशी मारू?

१४ मार्च
सकाळी पाइप हातात दिला. बराच वेळ हुंगत राहिले. तेवढ्यात मला उबळ आली, थांबेचना. त्यांनी पाइप उशीखाली सारला, माझ्यापासून लांब.
"सोड आता. खोकतेस."
मग पेजेच्या वाटीकडे बघून तोंड उघडलं.